फत्सानीच्या गाडीचं दुसरं चाक

ताटलीला बरोबर मध्यभागी भोक होतं, आणि सगळा घोळ त्यावरूनच झाला.

ताटली इनॅमलची, पांढरी, निळ्या काठाची, मधे तांबडं फूल असलेली. व्यास बावीस सेंटिमीटर; तो मी मोजला होता. माझ्या बहिणीची मुलगी फत्सानी हिच्या बैलगाडीचं ते डावं चाक. उजवं चाकही ताटलीचंच, पण ती आमच्या घरातली होती. टवके उडालेली, बुडाला गंज चढलेली, फत्सानीच्या आईने, एलुबेताईने, कोंबड्यांना पाणी ठेवायला बाहेर काढलेली. गाडीचा साटा म्हणजे तेलाचा डबा कापून, ठोकून सपाट केलेला पत्रा. आख म्हणजे सायकलचा स्पोक. जू मोडक्या पळीच्या दांड्याचं. बैल म्हणजे दाणे काढलेल्या मक्याची दोन बुरकुंडं आणि त्यांना शिंगं बाभळीच्या काट्यांची. एका बैलाचं एक शिंग रोज पडायचं आणि रोज नवं बसायचं.

फत्सानी नऊ वर्षांची होती. मी त्या वर्षी झोंबा शहरातून विज्ञानाची पदवी घेऊन गावी आले होते आणि शिक्षिकेच्या नेमणुकीचं पत्र येण्याची वाट पाहत होते. हाताशी वेळ भरपूर होता, म्हणून गाडी कशी केली ते मी तिला खोदून खोदून विचारलं होतं.

"दोन्ही चाकं सारखी लागतात, मावशी," ती म्हणाली. "एक मोठं, एक लहान असलं की गाडी नुसती गोल फिरते. मी झाकण लावून बघितलं होतं."

"मग सारखी ताटली मिळेपर्यंत थांबलीस?"

"दोन आठवडे."

मध्य काढायला तिने सिमेंटच्या पिशवीच्या कागदावर ताटली पालथी घालून कागद तिच्या कडेने कापला आणि दोनदा दुमडला. घड्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे कागद टोचून ताटलीवर कोळशाची खूण केली. पहिल्या ताटलीला तिने खिळा ठोकून भोक पाडलं, तेव्हा इनॅमलचा नखाएवढा टवका उडाला. म्हणून दुसरीला ठोकलं नाही. खुणेवर ओली बारीक वाळू ठेवली, खिळ्याचं टोक तिच्यावर टेकवलं आणि खिळा दोन तळहातांत धरून फिरवत बसली. वाळू संपली की नवी वाळू. असे दोन दिवस. भोक चार मिलिमीटरचं झालं आणि मध्यापासूनची चूक एक मिलिमीटरही नव्हती. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत मला इतकं नीट जमलं नसतं.

ताटली कुठून मिळाली, हे मात्र मी तेव्हा विचारलं नाही.

मंगळवारी सकाळी गावातली मालिता पंपावरून पाणी घेऊन आमच्या अंगणाजवळून चालली होती. ती थांबली आणि तिने डोक्यावरची बादली खाली उतरवली. भरलेली बादली वाटेत कुणी उतरवत नाही, कारण परत चढवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून मी मान वर केली.

"हे कुणाचं गं?" तिने फत्सानीला विचारलं.

"माझं. बैलगाडी आहे."

"गाडी दिसतेय मला. चाक कुणाचं?"

मालिता वाकली, पण तिने ताटलीला बोट लावलं नाही. मग तिने हाक मारली, "एलुबे, बाहेर ये."

एलुबेताई पिठाच्या हातांनी बाहेर आली.

"ही माझ्या आईची ताटली आहे," मालिता म्हणाली.

"निळ्या काठाच्या ताटल्या गावात पन्नास असतील, मालिता."

"आणि भोक पाडलेल्या किती आहेत?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्याची रोजची भांडी त्याच्या कबरीवर ठेवतात आणि ठेवताना त्यांना भोक पाडतात. भोक पडलेलं भांडं मेलेल्याचं. घरात कुणी ते ठेवत नाही, त्यात कुणी जेवत नाही. कबरींच्या राईत मुलांनी पाऊल टाकायचं नसतं. तिथलं वाळलेलं लाकूडसुद्धा कुणी उचलत नाही. मालिताची आई, म्हातारी नाफिरी, फेब्रुवारीत गेली होती. आता जून होता.

"पोरीने माझ्या आईच्या अंगावरून ताटली उचलून आणली," मालिता म्हणाली, "आणि तू तिला ती अंगणात फिरवू देतेस. आमच्या मुलांच्या मधे." मग तिने मला बादली चढवून द्यायला लावली आणि निघून गेली.

त्याच दुपारी मुलांनी भातुकलीचा संसार उचलला. कापणीनंतर दरवर्षी मुलं मक्याच्या धांड्यांची खोपटं बांधतात, डब्यांत खरंखुरं शिजवतात. त्या वर्षी ती खोपटं आमच्या घरामागे होती. संध्याकाळपर्यंत ती सगळी तंबाखूच्या कोठाराच्या पलीकडे गेली. फत्सानी तिकडे गेली, तेव्हा एका मुलाने "कबरवाली आली" म्हणून आरोळी दिली आणि बाकीचे पळाले. ती गाडी ओढत परत आली. गाडी सरळ चालत होती, हे मी पाहिलं.

रात्रीची न्सिमा, मक्याच्या पिठाची, शिजत असताना ती स्वयंपाकघरामागे माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, ती तिनेनेजीने दिली."

तिनेनेजी म्हणजे मालिताची मुलगी, फत्सानीच्याच वयाची.

"कशी काय दिली?"

"मी म्हटलं सारखी ताटली हवी. तिने घरातून आणली. शेंगदाण्याच्या टोपलीत तळाला होती, कापडात बांधून. बदल्यात पहिला पाऊस येईपर्यंत गाडी तिनेच हाकायची."

"तेव्हा भोक होतं?"

"भोक मी पाडलं. तुला सांगितलं ना सगळं?"

"मग हेच तिच्या आईला सांग."

"तिला मारतील. तिची आई काठीने मारते, हाताने नाही. मावशी, तूही सांगायचं नाही."

मी बरं म्हटलं. आपण काय कबूल करतोय याचा मी त्या वेळी फारसा विचार केला नाही.

गुरुवारी साइझीदादा आला. तो आमचा थोरला भाऊ, फत्सानीचा मामा. तो बायकोच्या गावी राहतो, अकरा किलोमीटरवर, पण आमच्या घरातल्या बायकामुलांचं बरंवाईट ठरवणं त्याच्याकडे असतं. दादा मऊ माणूस आहे. त्याची तंबाखूची प्रतवारी अर्धी राहिली होती आणि त्याला शनिवारच्या आत परत जायचं होतं.

"फत्सानी, इकडे ये. जेवलीस का?"

"हो, मामा."

"मग ऐक. उद्या सगळे मालिताच्या अंगणात जमतील. तुला विचारतील, तू नेलीस का. तू म्हणायचं, हो, चुकलं माझं. आपण एक कोंबडी देऊ. गावातली एखादी म्हातारी तुझं डोकं भादरेल, झाडाच्या मुळ्यांच्या पाण्याने शुद्धीची आंघोळ घालेल. गाडी आणि ताटली राईत जाईल. दुपारच्या आत विषय संपला."

"पण मी नेली नाही."

"नेलीस का, ते मी विचारलंच नाही. काय म्हणायचं ते सांगतोय."

"हो म्हटलं की मी कबरवाली होणार ना?"

"चिडवतील आठ दिवस. मग विसरतील."

"गावातल्या लुका काकांना अजून कोंबडीचोर म्हणतात," फत्सानी म्हणाली. "आई म्हणते, ते तू लहान होतास तेव्हाचं आहे."

दादाला हसू आलं. ते त्याने खोकून गिळलं आणि एलुबेताईकडे पाहिलं.

"बाई, हो म्हण," ताई म्हणाली. ती फत्सानीकडे न पाहता शेंगा निवडत होती. "दोन दिवस झाले, पंपावर माझ्याशी कुणी बोलत नाहीये. मी रांगेत उभी राहिले की पुढची बाई दोन पावलं पुढे सरकते. केस काय, महिन्यात वाढतात."

फत्सानी उठून गाडीकडे गेली. ती रडत नव्हती. तिने पडलेलं शिंग शोधून बसवलं.

मला दिलेला शब्द मोडायचा नव्हता. पण शब्द ताटली कुणी दिली याबद्दलचा होता, भोकाबद्दलचा नव्हता.

"दादा," मी म्हटलं, "नाफिरी आजीच्या ताटल्यांना भोकं कुणी पाडली?"

"कुणी म्हणजे? कालियोती आजोबांनी. गावात तेच पाडतात."

"मग त्यांना बोलाव. हे भोक त्यांनी पाडलंय का, एवढंच विचार."

"भोकात काय ओळखायचं? भोक ते भोक."

"तसं नाही. घाव घातला तर धातू एका बाजूला ढकलला जातो, कड वळते. घासून पाडलं तर..."

"झाली हिची शाळा सुरू," दादा ताईला म्हणाला. पण चहा झाल्यावर त्याने सायकल काढली आणि तो कालियोतींच्या घराकडे गेला.

शुक्रवारी सकाळी मालिताच्या अंगणातल्या आंब्याखाली बारा-तेरा माणसं जमली. पुरुष खुर्च्यांवर आणि उखळांवर, बायका चटयांवर. गाडी मधोमध ठेवली होती. बैलांची तोंडं मालिताकडे होती. फत्सानीने ती हळूच दुसरीकडे वळवली. तिनेनेजी आईच्या पाठीमागे बसून काडीने जमिनीवर रेघोट्या ओढत होती. कालियोती अजून आले नव्हते. त्यांची शेळी सुटली होती म्हणे.

मालिताने थोडक्यात सांगितलं. ती चांगलं बोलते. आईचं आजारपण, आईचं जाणं, राईतली शांतता, आणि मग रस्त्याने फिरणारं चाक. चटईवरच्या बायकांनी मान हलवली. एकीने हात जोडून फत्सानीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

मग दादाने विचारलं, "फत्सानी, ही ताटली तू कबरीवरून आणलीस का?" आणि विचारता विचारता त्याने स्वतःच मान किंचित खाली-वर केली, लहान मुलाला उत्तर सुचवावं तशी.

फत्सानीने त्याची मान हलताना पाहिली. "नाही," ती म्हणाली.

एलुबेताईने डोळे मिटले.

"मग आभाळातून पडली का?" मालिता म्हणाली.

"नाही."

"कुणी दिली?"

तिनेनेजीची काडी थांबली होती.

"बघा," मालिता सगळ्यांना म्हणाली. "नेली नाही म्हणते, पण कुणी दिली ते सांगत नाही. नुसतं हो म्हण, पोरी. मला तुझी कोंबडी नकोय. माझ्या आईला तिची वस्तू परत मिळू दे."

"नाही," फत्सानी म्हणाली. "नाही नेली."

दादा खुर्चीत मागे टेकला. आता काय होणार हे मला दिसत होतं. नाही म्हणणाऱ्याला आंघोळ नसते. मुलं कोठाराच्या पलीकडेच राहतील, ताई पंपावर एकटी उभी राहील, आणि फत्सानी पन्नास वर्षांची झाली तरी तिच्या मागे तेच नाव असेल. मी तोंड उघडायच्या बेतात होते. शब्द मोडायचाच होता. तेवढ्यात कालियोती आले.

ते सत्तरीचे आहेत. चाळीस वर्षं कबरी खणतायत. एका हातात शेळीची दोरी होती, शेळी मागे. त्यांनी दोरी आंब्याला बांधली, खाली उकिडवे बसले आणि चाकासकट गाडी उचलली. ताटलीच्या भोकावरून अंगठा फिरवला. पालथी बाजू पाहिली. परत अंगठा फिरवला.

"हे माझं नाही," ते म्हणाले.

"आजोबा," मालिता म्हणाली, "तुमचं वय झालं. किती भोकं पाडली असतील तुम्ही. सगळी लक्षात आहेत का?"

"भोकं नसतात लक्षात. हात कळतो की. मी ताटली पालथी घालतो आणि कुदळीच्या कोपऱ्याने एक घाव घालतो. ती तीन कोनांत फाटते. कडा आत वळतात आणि टवका उडतो हा एवढा." त्यांनी अर्धा तळहात दाखवला. "तुझ्या आईच्या दिवशी पाऊस होता. पोरं गुडघाभर चिखलात उभी, मला म्हणतायत, आजोबा उरका. तिथे बसून मी असलं नाजूक काम करणार?"

कुणीतरी हसलं.

"हे ज्याने केलंय त्याला काही कामधंदा नसणार," कालियोती म्हणाले. "दोन दिवस तरी बसला असेल."

"दोन दिवस," फत्सानी म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तू?"

"वाळूने केलं. खिळा फिरवून."

"ठोकलं नाहीस?"

"ठोकलं की टवका उडतो."

"उडतो," ते म्हणाले. मग मालिताकडे वळून सहज बोलल्यासारखं म्हणाले, "आणि नाफिरीच्या मी पाच फोडल्या. पाचच आल्या होत्या माझ्या हातात."

इनॅमलच्या ताटल्या बाजारात सहा-सहाच्या संचात मिळतात. तिथल्या प्रत्येक बाईच्या घरी तसला एक संच होता किंवा कधीतरी होता.

मालिता उठली आणि घरात गेली. आम्ही बसून राहिलो. शेळीने आंब्याची वाळकी पानं खायला सुरुवात केली. आतून टोपली ओढल्याचा आवाज आला, आणि मग शेंगदाणे जमिनीवर ओतल्याचा, पहिल्यांदा थोडे, मग एकदम सगळे.

ती बाहेर आली तेव्हा तिचे हात रिकामे होते आणि कमरेच्या कापडाला शेंगदाण्यांची तांबडी सालं चिकटलेली होती. ती चटईवर आपल्या जागी बसली. तिने आधी फत्सानीकडे पाहिलं, मग मान वळवून मागे तिनेनेजीकडे. तिनेनेजी गुडघ्यांत तोंड घालून बसली होती.

"सहावी मी ठेवली होती," मालिता म्हणाली. "आई मला लहानपणी तिच्यात वाढायची. फुलावर न्सिमा आणि बाजूला पाला. म्हणायची, फूल दिसेपर्यंत खा. पुरायच्या दिवशी भांडी बाहेर काढताना मी तेवढी एक काढली नाही." तिने कापडावरची सालं झटकली. "ही घरातलीच असेल असा विचार मंगळवारी माझ्या डोक्यात आला होता. पण हिला भोक होतं. भोक पाहिलं आणि म्हटलं, माझी नव्हे, मग ही आईचीच."

"दोन्ही एकच," कालियोती म्हणाले. त्यात बोचरं काही नव्हतं. "आता मात्र तिची तिला दिली पाहिजे."

"नव्याने भोक पाडावं लागेल का?" दादाने विचारलं. त्याला सगळं रीतसर उरकून हवं होतं.

"काय करायचंय? आहे ते माझ्यापेक्षा चांगलं आहे."

मग कोंबडीचं बोलणं झालं. आता ती मालिताच्या घरून आमच्याकडे यायची होती, कारण खोटा आळ घेतला की तसंच असतं. मालिताने वाद घातला नाही. फत्सानी मात्र उभी राहिली.

"कोंबडी नको," ती म्हणाली. "तिनेनेजीला मारणार का, काकू?"

"तू गप्प बस," ताई हळूच म्हणाली.

"कोणत्या तोंडाने मारू?" मालिता म्हणाली. मग, "नाही मारत."

कालियोतींनी चाक ओढून काढायला हात घातला. फत्सानी पुढे झाली. "थांबा आजोबा, स्पोक वाकेल." तिने गाडी आडवी केली, स्पोकचं वळवलेलं टोक दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने सरळ केलं आणि ताटली फिरवत फिरवत सोडवली. मग गुडघे वाकवून, दोन्ही हातांनी ती त्यांना दिली. त्यांनी ती काखेत धरली, शेळी सोडली आणि राईच्या वाटेला लागले. शेळीला ते राईच्या कडेला बांधणार होते. पुढे तिलाही न्यायचं नसतं.

दादा त्याच दुपारी परत गेला. कोंबडी आली आणि ताईने ती ठेवून घेतली, कारण नको म्हणणं हा मालिताचा अपमान झाला असता. शनिवारी खोपटं परत आमच्या घरामागे आली. तीन धांडे वाटेत मोडले, त्यावरून मुलांचं भांडण झालं, आणि त्या भांडणात फत्सानी होती.

ते नाव मात्र एका जणाच्या तोंडी राहिलं. शेजारचा यामिको चार वर्षांचा होता. आंब्याखाली काय ठरलं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्याला तो शब्द आवडला होता. वाटेत दिसली की तो म्हणायचा, "कबरवाली." फत्सानी त्याला कधी मारायची नाही. ती त्याचा दंड धरून त्याला उभा करायची आणि पहिल्यापासून सांगायची. टोपली, कापड, सिमेंटचा कागद, दोन घड्या, ओली वाळू, खिळा, दोन दिवस. मग विचारायची, "कळलं?" तो मान हलवायचा. दुसऱ्या दिवशी तो परत म्हणायचा आणि ती परत सांगायची, तितकंच सावकाश, काही न गाळता. आठवड्याभराने यामिको तिला लांबून पाहिलं की आमच्या घराला वळसा घालून जायला लागला.